पांढऱ्या दगडांचा खंदक

१

मंगळवारी सकाळी माइल्स फर्लाँग गाईंच्या धारा काढून थेट माझ्या दुकानात आला. टोपी काढली नाही, हवापाण्याच्या चार गोष्टी बोलला नाही. आमच्या गावात माणूस हवापाणी सोडून एकदम मुद्द्यावर आला, तर एकतर कुणी मेलेलं असतं नाहीतर कुणी पळून गेलेलं असतं.

“मिसेस, कुणीतरी माझा खंदक खणलाय.”

“खंदक खणलेलाच असतो, माइल्स. सातशे वर्षं झाली त्याला.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला! मधला चबुतरा खणलाय. चिंध्या केल्यात त्याच्या.”

माइल्सच्या खालच्या शेतात एक चौकोनी उंचवटा आहे आणि त्याच्या चारी बाजूंना पाण्यानं भरलेला खोल चर. कुणा नॉर्मन जमीनदारानं आपलं घर, गुरं आणि धान्य शेजाऱ्यांपासून वाचवायला तो केला म्हणे. घर केव्हाच मातीला मिळालं. उरलं गवत, काटेरी झुडपं आणि पाणी. आमचे निवृत्त शाळामास्तर आयबर रॉश वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले होते की हा ठेवा आहे, तो जपा. शेवटी यंदा सरकार हललं. नोटीस लागली, महिनाअखेर पाटी लागणार होती, आणि नोटीस लागल्यापासून तिथे कुदळ मारणं हा गुन्हा झाला होता.

आणि ह्या माइल्सनं माझ्याच बारमध्ये (पुढे दुकान, मागे बार, दोन्ही माझेच) टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, “पाटी लागायच्या आत सपाट करून टाकतो. मेलेल्या जमीनदारापायी माझ्या जित्या गाई उपाशी ठेवू काय?” सगळ्यांनी ऐकलं होतं. कोपऱ्यात सार्जंट बसला होता, त्यानंही.

“पण काल तर तू मिरवणुकीला होतास,” मी म्हटलं. रविवारी आमच्या काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, हर्लिंगचा, आमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, कप जिंकला. किती वर्षांनी ते विचारू नका, लाज वाटते. सोमवारी खेळाडू बसच्या टपावर उभे राहून वेक्सफर्ड शहरात आले, आणि आमच्या बॅलिडेनो गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा मागे राहिलं नव्हतं.

“होतो की. पण त्या गर्दीत सगळेच होते. कोण शपथ घेईल माझ्यासाठी?” त्यानं आता कुठे टोपी काढली. “गोठा विकावा लागेल असा दंड करतील, मिसेस. नाहीतर आतच टाकतील. बायकोला सातवा लागलाय. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? मला खरंच तो सपाट करायचा होता. पण हे मी केलेलं नाही.”

२

सरकारी स्मारक खात्यानं फिनोला टूही नावाची बाई पाठवली. केस आखूड, कोट पुरुषी, बोलणं केरीकडचं. माझ्याकडेच वरच्या खोलीत उतरली. ही बाई आधी बघायची आणि मग विचारायची. आमच्याकडे उलटं असतं.

माइल्सला तिच्यासमोर यायचा धीर होईना, म्हणून गुरुवारी तिला शेतात मी घेऊन गेले. खंदकावर एक जुनी फळी आहे, तिच्यावरून आम्ही चबुतऱ्यावर गेलो. पाण्याकडच्या सगळ्या कडा उकरलेल्या होत्या. मातीचे ढीगच ढीग.

“यंत्र नाही,” ती म्हणाली. “सगळं हातानं खणलंय.”

“माइल्सकडे यंत्र आहे.”

“तेच म्हणते मी. दारात यंत्र असताना माणूस हाताला फोड कशाला आणून घेईल? आणि सपाट करायचं असतं तर माती खंदकात ढकलली असती. पाण्यात एक मूठ पडलेली नाही.”

मग तिनं एका ढिगावरून काहीतरी हिरवट उचललं. पट्ट्याचं बक्कल. जमीनदाराच्या पोटावर होतं की त्याच्या नोकराच्या, देव जाणे. “हे सापडलं आणि टाकून दिलं,” ती पुटपुटली. “म्हणजे जे शोधत होता ते हे नव्हतं.”

चबुतऱ्याच्या मध्यावर गवतात पांढरे दगड ओळीनं मांडलेले होते. मुठीएवढे, माती पुसलेले.

“या जमिनीत पांढरा दगड नाही. हे बाहेरून आणलेले आहेत. कुणी?”

“पोरंटोरं आणतात खेळायला,” मी म्हटलं. माझ्याकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

निघता निघता ती फळीजवळ थांबली. तिथे, खणलेल्या जागेपासून लांब, गवतासकट मातीची एकच ढेप कापून उलटी ठेवली होती. फावड्याच्या पात्याएवढी. बाकी हात लावलेला नाही. तिनं खाली बसून त्या ढेपेवर बोट फिरवलं, मग जाऊन ढिगाची माती चिवडून आली.

“मिसेस स्कॅलन, इथे पाऊस कधी झाला?”

“रविवारी संध्याकाळी. कप जिंकला तेव्हा धो धो. त्यानंतर थेंब नाही.”

“ढीग भुसभुशीत आहेत. ही ढेप मात्र पावसानं झोडपून गुळगुळीत झालीय. म्हणजे रविवारी पावसाआधी तो आला, एवढी एकच ढेप उलटी केली आणि घरी गेला. मग सोमवारी गाव ओस पडल्यावर परत येऊन सगळं खणलं.” ती उठून उभी राहिली. “कशासाठी? एका ढेपेनं काय साधलं त्यानं?”

माझं चित्त ठिकाणावर असतं तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. आमच्याकडचं शेंबडं पोरही देईल. पण माझी नजर त्या पांढऱ्या दगडांवरून हलत नव्हती.

३

तिनं चौकशीसाठी माझंच स्वयंपाकघर निवडलं, कारण शेगडी तिथेच पेटलेली असते. मी पाव कापत होते. कुणी मला बाहेर जा म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिला लार सिनॉट. खोदकामाचं कंत्राट घेतो, आणि रविवारी प्रार्थना चुकवून लोकांच्या शेतात धातू शोधायचं यंत्र फिरवतो.

“तुमच्याकडे ते यंत्र आहे म्हणे,” फिनोला म्हणाली.

“होतं. बायकोनं लपवलंय. ते शोधायलाच आता मला दुसरं यंत्र लागेल.”

तिनं बक्कल टेबलावर ठेवलं. लारचे डोळे विस्फारले. त्यानं ते उचललं, फुंकर मारली, उजेडात धरलं.

“कुठे मिळालं?”

“ढिगावर. टाकून दिलेलं.”

“टाकून?” लार उठूनच उभा राहिला. “कोण गाढव आहे तो? असलं बक्कल मला आयुष्यात एकदा मिळालं असतं ना, तर उशाखाली घेऊन झोपलो असतो!” मग आपण काय बोलून गेलो ते कळून त्यानं बक्कल हळूच खाली ठेवलं. फिनोलानं त्याला चहा दिला आणि पुढे काही विचारलं नाही.

दुसरा माइल्स. त्यानं सरकारला, नॉर्मनांना आणि पाट्या लिहिणाऱ्यांना शिव्या घातल्या, आणि शेवटी रडवेला होऊन म्हणाला, “सार्जंट मंगळवारी समन्स देतो म्हणालाय. बायकोला कुठल्या तोंडानं सांगू?”

तिसरे मास्तर. खरं तर त्यांना तिनं संशयित म्हणून बोलावलंच नव्हतं, जाणकार म्हणून बोलावलं होतं. गावात टाय लावून भाजी घ्यायला येणारा हा एकमेव माणूस, पण त्या दिवशी दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांची बायको नेसा वसंतापासून अंथरुणाला खिळलेली. आज जाते की उद्या, असं चाललं होतं.

“ज्यानं केलं तो सापडला तर त्याचं काय होईल?” त्यांनीच आधी विचारलं.

“कोर्ट.”

“आणि जे खणून वर आलंय त्याचं?”

“मोजमाप होईल. वस्तू संग्रहालयात जातील. बाकीचं बुजवून भोवती कुंपण.”

“वर आलेलं सगळंच नेणार तुम्ही?”

“कायद्यानं सगळंच सरकारचं असतं, मास्तर. तुम्हाला मी काय सांगणार?”

मास्तरांनी कप बशीत ठेवला.

“सोमवारी तुम्ही कुठे होतात?” तिनं सहज विचारलं.

“मिरवणुकीला. नर्सला बसवलं होतं नेसाजवळ. संघाचा कॅप्टन माझा विद्यार्थी, पाढे कधी पाठ नव्हते लेकाला.” ते उठले. “बाई, माइल्सला त्रास देऊ नका. तो भुंकतो नुसता. चावणाऱ्यातला नाही.”

“मग चावणारा कोण?”

ते दार ओढून घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो असताना चर्चची घंटा वाजायला लागली, सावकाश, एकेक ठोका.

“कोण गेलं?” फिनोलानं विचारलं.

“नेसा,” मी म्हटलं. “मास्तरांची नेसा गेली.”

४

कुणी गेलं की आमच्याकडे शवपेटी घरातच उघडी ठेवतात आणि सारं गाव येऊन घरच्यांचा हात हातात घेऊन जातं. शत्रूही येतो. न आलेला मात्र आठवणीत राहतो. शनिवारी फिनोला म्हणाली, “मीही येते.” मला ते आवडलं. सरकारी माणसं सहसा मागच्या दारानं सटकतात.

खोलीत बायका गुडघ्यावर बसून जपमाळ ओढत होत्या. नेसा पेटीत निळ्या झग्यात, शाळेला उशीर झालेली मुलगी झोपून राहते तशी. डाव्या हातावरून एक पांढरी लोकरी शाल पांघरलेली होती. मास्तर दाराशी उभे होते. “वाईट झालं, मास्तर,” म्हणत फिनोलानं त्यांचा हात धरला, आणि सोडायला तिला जरा वेळ लागला.

परत येताना रस्त्यात ती म्हणाली, “जन्मभर खडू धरलेला हात आहे तो. आणि तळव्यावर फुटलेले फोड.”

“घरात आजारी माणूस असलं की सगळी कामं अंगावर पडतात,” मी म्हटलं.

“मिसेस स्कॅलन, ते पांढरे दगड काय आहेत?”

मी थांबले. एवढी वर्षं हे गावाबाहेरच्या कुणाला सांगितलेलं नव्हतं. गावातल्या गावातही कुणी बोलत नाही. पण मला त्या क्षणी भयंकर राग आला. कुणाचा ते नेमकं सांगता येणार नाही, बरेच जण होते त्यात.

“पोरं आहेत ती,” मी म्हटलं. “जन्मताच गेलेली. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आत गेलं, तर त्या पोराला चर्चच्या जमिनीत जागा नव्हती. ना स्वर्ग, ना नरक, मधल्याच कुठल्या तरी अंधारात ठेवलेलं त्याला देवानं, असं फादर सांगायचे. मग दिवेलागणीला बाप नाहीतर आजा खोकं काखेत मारून खंदकावर जायचा. तिथे कुणी नांगर घालत नाही म्हणून. वर एक पांढरा दगड ठेवायचा. आईला सोबत नेत नसत. कुठे ठेवलं तेही सांगत नसत. तुमच्या कागदावर तिथे जमीनदाराचं घर आहे. आमच्यासाठी ते हे आहे.”

ती हळूच म्हणाली, “तुमचं आहे तिथे कुणी?”

“पाऊस येईलसं दिसतंय,” मी म्हटलं. आकाश निरभ्र होतं.

रविवारी दुपारी मी दोघांना बिअर ओतून देत होते. लार आणि माइल्स. गुडघ्यापर्यंत चिखल. फिनोला कोपऱ्यात चहा पीत बसली होती.

“कुठून आलात?” तिनं विचारलं.

“कबरस्तानातून. नेसाची कबर,” लार म्हणाला.

“इतक्यात खणून झाली?”

“छे! खणणार उद्या सकाळी. आज नुसती एक ढेप उलटी करून आलो.” तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं की शहरी बाईला कळत नाही. “सोमवारी कबर उघडायची नसते, बाई. मागोमाग घरात दुसरं मढं पडतं. सोमवारी पुरायचंच असेल तर रविवारी एक ढेप काढून ठेवायची. म्हणजे कबर रविवारीच सुरू झाली. देवाला फसवायचं, दुसरं काय! सगळेच करतात.”

“सगळेच,” माइल्स म्हणाला. “मास्तर एवढे शिकलेले, पण त्यांच्या बापाच्या वेळी तेच पळत गेले होते रविवारी फावडं घेऊन. बिचारे मास्तर! सोमवारी मिरवणुकीत कॅप्टननं व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं, वर या म्हणाला, सगळे मागे वळून बघतायत, आणि मास्तर गर्दीत नाहीतच.”

फिनोलानं कप खाली ठेवला. माझ्या हातातली बिअर गिलासातून वर येऊन सांडत होती, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

५

“कुंपणानंच शेत खाल्लं,” मी वाटेत म्हटलं.

मास्तरांचं घर माणसांनी भरलेलं होतं. स्वयंपाकघरात हॅमच्या सँडविचचे ढीग लागलेले. मी बायकांना काहीतरी कारण सांगून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मला राहा असं कुणी म्हणालं नाही, पण जा असंही नाही.

“मास्तर,” फिनोला उभ्यानंच बोलायला लागली, “खंदकावर ज्यानं खणलं त्याला जमीन नको होती. सोनंनाणंही नको होतं. त्यानं पांढरे दगड एकेक उचलून पुसून ठेवले, म्हणजे त्यांच्याखाली काय आहे ते त्याला ठाऊक होतं. आणि त्यानं रविवारी एक ढेप उलटी केली. चोर असं करत नाही. लुटायला निघालेला माणूस कशाला घाबरेल सोमवारला? त्याच्या मनानं तो कबर उघडत होता. घरात मरणपंथाला लागलेलं माणूस होतं, म्हणून तो जास्तच घाबरला. तुम्ही मिरवणुकीला नव्हतात. तुमचे हात मी पाहिलेत.”

मास्तर खुर्चीवर बसले. नाकारलं नाही. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं.

“वीस वर्षं मी त्या खंदकासाठी भांडलो,” ते म्हणाले. “नॉर्मनांचं मला काय कौतुक? माइल्सच्या बापाकडे पहिलं यंत्र आलं तेव्हा मी विचार केला, उद्या हा तिथे फिरवेल. ‘पोरं आहेत तिथे’ असं सांगितलं असतं तर कोण थांबलं असतं? जमीनदाराचं घर आहे म्हटल्यावर मात्र सरकार ऐकतं. म्हणून मी पुस्तकं वाचली, सहल काढली, अर्ज केले. तिथे पुरलेल्या आमच्या पोराला वाचवायचं म्हणून.”

“मग खणलंत का?”

“नेसा. उन्हाळ्यात म्हणाली, आयबर, मला एकटीला पुरू नकोस. चाळीस वर्षांत ती त्या पोराबद्दल बोलली नव्हती. मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, आता चर्च इतकं कडक नाही, आणा खुशाल, पण सरकारची परवानगी आणा. मी तुमच्या खात्यात फोन केला. नाव सांगितलं नाही. एका बाईनं समजावून सांगितलं की परवाना लागतो, परवान्याआधी पाहणी, आणि पाहणी पुढच्या उन्हाळ्यात.”

फिनोलाचा चेहरा उतरला. “ऑगस्टमधला तो फोन.”

“फार सभ्यपणे बोललात तुम्ही,” मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

बाहेर जपमाळेचा एकसुरी आवाज चालू होता. मीच विचारलं. मला विचारावंच लागलं.

“सापडलं का, मास्तर?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बापानं मला एवढंच सांगितलं होतं, पाण्याजवळ ठेवलंय. मग गेला गाईंच्या धारा काढायला. पाण्याजवळ! चारी बाजूंनी पाणीच आहे, स्टेशा. मी कडेकडेनं खणत गेलो. एकाखाली सापडलं, दुसऱ्याखाली सापडलं, पुढे मोजायचं सोडून दिलं. खोकी सगळी तुझ्याच दुकानातली, चहाची, कुजून माती झालेली. सगळ्यांची हाडं सारखीच. चिमणीएवढी. कसं ओळखू?”

“मग?”

“बाकीची होती तिथे परत ठेवली, वर मूठमूठ माती ओढली. एक उचललं. मुलगा होता की मुलगी, कळायला मार्ग नाही. शालीत गुंडाळून नेसाच्या कुशीत दिलं. तिनं विचारलं, आपलंच ना रे? मी म्हटलं, आपलंच. चार दिवस ती त्याला घेऊन झोपली. मी पोरांना जन्मभर सांगत आलो, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.”

माझ्या नवऱ्यानंही तेवढंच सांगितलं होतं. वॉटी कमी बोलायचा. मी अंथरुणात होते, दूध उतरून छाती दुखत होती, तो चिखलाचे बूट घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “ठेवलं. पाण्याजवळ.” त्यानंतर तो मरेपर्यंत आम्ही तो विषय काढला नाही.

“मी कबूल करतो सगळं,” मास्तर फिनोलाला म्हणाले. “माइल्सला सोडा. आज सार्जंटला बोलवा हवं तर. फक्त पेटी उघडू नका.”

कायद्यानं ती शाल आणि तिच्यात जे होतं ते सरकारचं होतं. फिनोला खिडकीशी उभी राहून बाहेरच्या गाड्या बघत होती. मी मनात म्हणत होते, उघड. तोंडाबाहेर आलं नाही, पण म्हणत होते. कुठल्या कोपऱ्यातून उचललं, हाडं कशी होती, एकदा बघू दे. कदाचित माझं असेल. नेसाच्या कुशीत माझं पोर असेल तर मी काय म्हणून चहा ओतत बसू?

“खणणाऱ्यानं तिथून काही नेलेलं नाही,” फिनोला अखेर म्हणाली. “मी असंच लिहीन. बाकी तुम्ही सार्जंटला सांगा, मास्तर. उद्या नाही. परवा.”

मी दार उघडलं आणि बायकांना हाक मारली, “या गं, चहा तयार आहे.”

६

मंगळवारी मास्तर स्वतः ठाण्यात गेले. माइल्सचं समन्स फाडलं गेलं. त्या संध्याकाळी तो माझ्या बारमध्ये आला आणि म्हणाला, “मला कुणी सांगितलं असतं तर मी तो सपाट करायचं नावही काढलं नसतं, मिसेस. माझ्या आजीचंही आहे म्हणे तिथे एक. आज कळतंय मला, चाळिसाव्या वर्षी.” त्याच्या बायकोला पुढे मुलगी झाली. धडधाकट. बाप्तिस्म्याला त्यानं अख्खा गाव बोलावला.

कोर्टात न्यायाधीशांनी मास्तरांना विचारलं की असं का केलं. “कुतूहल,” मास्तर म्हणाले. त्यावर न्यायाधीशांनी त्यांना चांगलंच झापलं. शिकल्यासवरल्या माणसानं राष्ट्राच्या वारशाची नासधूस करावी, यासारखी लाजेची गोष्ट नाही, वगैरे. जिल्ह्याच्या पेपरात फोटोसकट आलं. ज्या इतिहास मंडळाची स्थापना त्यांनी केली, त्यानं त्यांचं नाव सभासदांतून काढलं. ठराव एकमतानं झाला. मास्तर आता भाजी घ्यायला येतात ते टाय न लावता.

खंदकाला त्याच महिन्यात सरकारी शिक्का बसला. भोवती उंच तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप आहे, किल्ली काउंटीच्या कचेरीत असते. जुनी फळी धोकादायक म्हणून काढून टाकली. पाटी मात्र छान आहे, रंगीत. जमीनदार कसा राहत होता, पूल कसा उचलायचा, कोणती मासळी खंदकात पाळायचा, सगळं चित्रासकट. नोव्हेंबरात मृतात्म्यांच्या दिवशी आम्ही बायका एकेकट्या, कुणाला न दिसेल अशा, फळीवरून जाऊन एखादं फूल ठेवून यायचो. यंदा मी कचेरीत फोन करून किल्ली मागितली. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली की अभ्यासकांनाच मिळते.

म्हणून मी आता नेसाकडे जाते. दर रविवारी, प्रार्थनेनंतर. कबरीवर नुसतं तिचं नाव आहे.

गेल्या रविवारी तिथे ब्रिजी डेव्हरू आधीच येऊन उभी होती, नेसाच्या पेटीजवळ जपमाळ ओढणाऱ्या बायकांतली. नेसाशी तिचं उभ्या जन्मात कधी पटलं नव्हतं. चर्चमध्ये एका बाकावर बसत नसत दोघी. मला बघून ती दचकली.

“नेसासाठी आणली,” हातातली फुलं दाखवत ती म्हणाली.

“मीही,” मी म्हटलं.

तिनं वाकून फुलं ठेवली. दगडाच्या पायथ्याशी नाही, मधोमधही नाही. डाव्या बाजूला, जिथे नेसाच्या हातावर ती शाल होती. मी माझी तिच्या शेजारी ठेवली.